अजाणत्याचा भाव

वस्तूची रास्त किंमत कोणती, हा प्रश्न फार जुना आहे. भाजी, कापड, धान्य यांच्या बाबतीत माणसाने त्याचे काही ना काही उत्तर शोधून ठेवले आहे. चार दुकाने फिरावीत, माल हातात घेऊन पाहावा, घासाघीस करावी आणि भाव ठरवावा. पण काही सौदे असे असतात की त्यात गिऱ्हाइकाला वस्तू दिसत नाही, तिची गरज आहे की नाही हे कळत नाही, आणि काम झाल्यावरही ते खरोखर झाले की नाही हे तपासता येत नाही. डॉक्टरकडे असे होते, वकिलाकडे होते. आणि ज्याच्या दारात एखादी जुनी चारचाकी उभी आहे त्याला हा अनुभव गॅरेजमध्ये येतो. त्यातही गाडीच्या सस्पेन्शनच्या, म्हणजे शॉकअप, स्प्रिंग, बुश, लोअर आर्म यांच्या कामात तो जास्त येतो.

साहित्याच्या अंकात गॅरेजचा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. कारण साधे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात, भावकीत किंवा मोहल्ल्यात हाती पाना धरणारा कुणीतरी असतो. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगार ज्या थोड्या व्यवसायांत एकवटलेले दाखवले, त्यांत विडी आणि कापड यांच्याबरोबर मोटारदुरुस्तीही आहे. नोकरीची दारे अरुंद असली की माणूस हुनराकडे वळतो. दहावीच्या आतबाहेर शाळा सुटलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली जातो, आधी पाने पुसतो, मग चाके खोलतो आणि पाचसहा वर्षांनी मिस्त्री होतो. म्हणजे या प्रश्नात आपण दोन्ही बाजूंना उभे आहोत. गाडीखाली झोपलेलाही आपला आणि बाजूला खिसा चाचपत उभा असलेलाही आपलाच. म्हणून कुणा एकाची वकिली न करता या व्यवहाराकडे पाहण्याची सोय आपल्याला आहे, आणि जबाबदारीही आहे.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक जागा डोळ्यांसमोर ठेवू. सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर तामलवाडी लागते. गाव तुळजापूर तालुक्यातले, धाराशिव म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो. त्याचा जुना क्रमांक २११, आताचा ५२. रस्ता चौपदरी झाला, टोलनाका आला. नवरात्रात तुळजापूरच्या यात्रेची गर्दी याच वाटेने वाहते. कोजागिरीला तर सोलापूरकडून पायी जाणाऱ्यांची संख्या इतकी असते की वाहनांना दुसऱ्या रस्त्याने वळवावे लागते. आणि वर्षाचे बारा महिने मराठवाड्यातून सोलापूरच्या दवाखान्यांकडे रुग्ण घेऊन जाणाऱ्या गाड्या इथून जातात.

महामार्ग गुळगुळीत असला तरी माणसे महामार्गावर राहत नाहीत. ती आतल्या गावांत राहतात. इकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि वरचे डांबर उखडून टाकते. त्यात गतिरोधकांची भर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ सालच्या सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी त्यावरून ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने सहज जाते. आपल्याकडे गावकऱ्यांनी रातोरात घातलेला गतिरोधक हातभर रुंद आणि गुडघ्याला लागेल इतका उंच असतो. त्यामागे पोरांच्या जिवाची काळजी असते, हे खरे. पण त्याची किंमत प्रत्येक गाडीचे शॉकअप मोजत असते.

आता या यंत्रणेचे काम थोडक्यात समजून घेऊ, कारण पुढचा सारा नैतिक प्रश्न त्यात दडलेला आहे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, जुन्या जीपला आणि ट्रकला पाटे पेलतात. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि परत उसळते. ती एकटीच असती तर गाडी झोपाळ्यासारखी हलतच राहिली असती. शॉकअपच्या नळीत तेल असते. आतला दट्ट्या ते तेल बारीक छिद्रांतून ढकलतो आणि त्या अडथळ्यात उसळी जिरते. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवतो तो लोअर आर्म. त्याच्या एका टोकाला रबराचे बुश असतात, दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून आडवा दांडा असतो आणि त्याला जोडणारी छोटी लिंक असते. हे सगळे चाकाच्या मागे, चिखलात आणि काळोखात असते. मालक ते वर्षानुवर्षे पाहत नाही. त्याला फक्त आवाज ऐकू येतो.

आणि आवाज फसवा असतो. खड्ड्यातून जाताना पुढून येणारी कटकट लिंकची असू शकते, स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगची असू शकते, फाटलेल्या बुशाची, ढिल्या बॉल जॉइंटची किंवा नुसत्या सैल झालेल्या एखाद्या बोल्टचीही असू शकते. यातला एक भाग स्वस्त, दुसरा महाग. एकाचे काम वीस मिनिटांचे, दुसऱ्याचे अर्ध्या दिवसाचे. जाणता मिस्त्री गाडीचा कोपरा दाबून सोडतो आणि ती कितीदा उसळते ते बघतो. चाक जॅकवर उचलून वरखाली हलवतो, बुशात पहार घालून बघतो, शॉकअपवर नुसता ओलसर डाग आहे की तेल खरोखर गळते आहे, हे ओळखतो. हा हुनर आहे. तो पुस्तकातून येत नाही आणि गिऱ्हाइकाजवळ तो नसतो.

समजा, लोहाऱ्याकडचे एक कुटुंब आजारी आईला घेऊन सोलापूरला निघाले आहे. तामलवाडीच्या अलीकडे गाडीतून दणके येऊ लागतात. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये गाडी थांबते. मिस्त्री खाली वाकून बघतो. लिंक तुटलेली असेल तर गाडी सावकाश चालवत सोलापूर गाठता येते, काम उद्या झाले तरी चालते. बॉल जॉइंट निखळायला आला असेल तर एक किलोमीटरही जाणे धोक्याचे, कारण तो सुटला की चाक आडवे होते. या दोन्हींतले खरे कोणते, हे त्या क्षणी त्या जागी एकाच माणसाला ठाऊक आहे. त्याने लिंकला बॉल जॉइंट म्हटले तर घरच्यांना ते कळणार नाही. आईकडे बघून ते म्हणतील, टाका काय टाकायचे ते. दुरुस्तीनंतर दणके थांबतील आणि ते दुवा देत निघून जातील. फसवणूक अशी पूर्ण असते की फसलेलाच आभार मानतो.

अर्थशास्त्राने या स्थितीचा विचार केला आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचे गुण माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सर्वांनाच वाईट समजून भाव पाडतो. मग चांगला माल असलेला बाजारातून निघून जातो आणि उरतो तो खराब माल. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना ज्या विचारासाठी विभागून मिळाले, त्याचा हा पाया होता. पुढे १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी आणखी एक पायरी दाखवली. काही सेवांचा दर्जा वापरल्यानंतरही गिऱ्हाइकाला कळत नाही, तिथे निव्वळ विश्वासावर विकत घ्यावे लागते. मोटारदुरुस्ती हे त्याचे नेहमीचे उदाहरण. या विचारातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. गिऱ्हाइकाचा सरसकट संशय प्रामाणिक मिस्त्रीलाच आधी मारतो. लबाडाने संशयाचा हिशोब आपल्या भावात आधीच धरलेला असतो.

पण अर्थशास्त्र काय घडते ते सांगते, काय योग्य ते नेहमीच सांगत नाही. इथे आपल्या परंपरेतला एक जुना शब्द मदतीला येतो. पैगंबर मुहंमद (स.) यांच्या काळी खेड्यातून, वाळवंटातून माल घेऊन काफिले शहराकडे यायचे. काही चतुर व्यापारी वाटेतच त्यांना गाठून, बाजारभाव कळण्याआधी माल स्वस्तात पदरात पाडून घ्यायचे. पैगंबरांनी याला मनाई केली आणि काफिलेवाल्याला बाजारात पोहोचल्यावर सौदा मोडण्याचा हक्क दिला. सौदा जबरदस्तीने झालेला नव्हता, दोन्ही बाजूंची संमती होती. तरीही तो दोषाचा ठरला, कारण एकाची संमती न जाणण्यातून आलेली होती. महामार्गावर अडलेली गाडी हा उलट्या दिशेने आलेला तोच काफिला आहे. भाव कळण्याची जागा पुढे सोलापुरात आहे आणि सौदा वाटेत होतो आहे.

हाच धागा धरून फिकहच्या विद्वानांनी ‘मुस्तरसिल’ ही कल्पना मांडली. जो भाव जाणत नाही, ज्याला घासाघीस येत नाही आणि जो समोरच्याच्या शब्दावर स्वतःला सोडून देतो, तो मुस्तरसिल. हंबली फिकहने अशा माणसाकडून अवाच्या सवा किंमत घेतली गेली असेल तर त्याला व्यवहार रद्द करण्याचा हक्क दिला. हनफी परंपरेत, बाराव्या शतकातल्या मरगिनानींच्या ‘हिदाया’ ग्रंथात, खरेदीची किंमत आणि त्यावरचा नफा उघड सांगून केलेल्या विक्रीचे, म्हणजे मुराबहाचे, समर्थनही याच अंगाने येते. व्यवहार न कळणाऱ्या माणसाला कळणाऱ्याच्या आधाराची गरज असते, म्हणून असा व्यवहार हवा, असे त्याचे कारण दिले आहे. ज्याला कळत नाही त्याने बाजारात येऊच नये, असे हे कायदेपंडित म्हणाले नाहीत. कळणाऱ्यावर त्यांनी ओझे टाकले.

माझ्या मते या साऱ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. रास्त भाव म्हणजे एखादा ठरावीक आकडा नव्हे. मदिनेत महागाई वाढली तेव्हा लोकांनी भाव बांधून द्यावेत अशी मागणी केली होती आणि पैगंबरांनी ती मान्य केली नव्हती. भाव कमीजास्त होणे हा अन्याय नाही. एकाच शॉकअपचे तीन भाव असू शकतात. पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्या मोटार कंपन्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. मोटार कंपनीच्या नावाच्या खोक्यात गेला की भाग महाग होतो. त्याखाली लोकल माल असतो आणि सर्वांत खाली नकली खोक्यातला माल. रात्री अकरा वाजता झोपेतून उठून आलेल्या मिस्त्रीने दिवसापेक्षा जास्त मजुरी घेतली तर तीही वाजवी आहे. आडगावच्या माणसाने महागाचा भाग विकला जाईल न जाईल या भरवशावर दुकानात ठेवला, तर त्या जोखमीचाही मोबदला त्याला हवा.

मग अन्याय कुठे सुरू होतो? भाव माल, श्रम, वेळ, जोखीम यांमुळे वाढला तर तो रास्त. तो समोरच्याच्या अज्ञानामुळे वाढला तर गैर. कसोटी अशी लावता येईल : हीच गाडी गावातल्या दुसऱ्या मिस्त्रीची असती, तर हाच भाग बदलायला सांगितला असता का? तिथे मजुरीत सवलत दिली असती, ती व्यवसायबंधूची मुरव्वत झाली, त्याला हरकत नाही. पण तिथे ‘बुश अजून वर्षभर चालतात’ म्हटले असते आणि इथे ‘पूर्ण आर्म गेला’ म्हटले, तर मधला फरक फक्त समोरच्याला कळत नाही एवढाच आहे. त्या फरकाचे पैसे कष्टाचे नव्हेत.

कुणी म्हणेल, गाडीवाला तो पैसेवाला, गरीब मिस्त्रीने दोन पैसे जास्त काढले तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो आणि त्यात वरवर न्यायही दिसतो. पण नीट पाहिले तर ही लबाडी श्रीमंतीवर बसत नाही, अज्ञानावर बसते. खरा पैसेवाला चार ठिकाणी फोन करतो, ओळखीच्या जाणकाराला दाखवतो. त्याला फसवणे अवघड असते. फसतो तो कर्ज काढून जुनी व्हॅन घेतलेला, शाळेची मुले ने-आण करणारा. फसते ती नवऱ्यामागे गाडी सांभाळणारी बाई आणि परगावचा वाटसरू. म्हणजे गरिबीच्या नावाने केलेली लबाडी बहुतेक वेळा दुसऱ्या गरिबाच्याच खिशातून जाते.

आता बाजू बदलून पाहू. मिस्त्रीने अर्धा तास गाडीखाली घालवला, बुश, जॉइंट, लिंक सगळे हलवून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाला, “काही झालेले नाही साहेब, एक बोल्ट ढिला होता, घट्ट केला.” गिऱ्हाईक काय देते? बहुधा चहाचे पैसे, आणि तेही उपकार केल्यासारखे. “एक बोल्ट तर फिरवला” असे म्हणून हसणारेही कमी नाहीत. त्याच मिस्त्रीने दोन्ही शॉकअप गेले म्हणून सांगितले असते तर तेच गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, हजारो रुपये मोजून गेले असते. आपण लोखंडाचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. ‘काही झालेले नाही’ हे खरे निदान आपल्या बाजारात फुकट जाते आणि ‘सगळे गेले’ हे खोटे निदान खपते. असा हिशोब मांडून वर आपण प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो. खोटे आपणच विकत घेतो आणि मग ते महाग पडले म्हणून तक्रार करतो.

मजुरी पाडण्याची आपली सवय याच दुखण्याचे दुसरे टोक आहे. पाचशेची मजुरी तीनशेवर आणली की आपण जिंकलो असे वाटते. उरलेले दोनशे मिस्त्री सोडून देतो असे नव्हे. ते भागाच्या किमतीत लपतात, किंवा स्पेअर पार्टच्या दुकानाकडून येणाऱ्या कमिशनमध्ये. मग स्वस्तातला लोकल भाग कंपनीचा म्हणून लागतो आणि सहा महिन्यांत पुन्हा आवाज सुरू होतो. उघड मजुरी नाकारली की ती चोरवाटेने येते. चोरवाट एकदा सवयीची झाली की मजुरी पूर्ण मिळाली तरी ती बंद होत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचा मेहनताना द्यावा, ही शिकवण आपण व्याख्यानांत नेहमी सांगतो. मेहनताना कमी करून मग तो वेळेवर दिल्याने ती पाळली जात नाही.

लबाडी ही रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडची मक्तेदारी आहे, असाही एक समज आहे. चकाचक वर्कशॉप, संगणकावरचे बिल आणि टाय बांधलेला माणूस दिसला की आपण निर्धास्त होतो. १९९२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मोटारदुरुस्ती नियामक खात्याने सिअर्स या नामांकित कंपनीच्या दुरुस्ती केंद्रांवर गुप्तपणे गाड्या पाठवल्या. गरज नसलेली कामे गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जातात, असा आरोप झाला आणि त्या कामांत शॉकअप आणि स्प्रिंगही होते. कंपनीने शेवटी समझोता केला. तपासात पुढे आलेली खरी गोष्ट अशी की तिथल्या सल्लागारांना किती भाग विकले त्यावर कमिशन होते आणि ठराविक कामांचा कोटा पुरा करायचा होता. माणसे मुळात वाईट नसतीलही, पण त्यांचा पगार सत्याच्या विरुद्ध बाजूला बांधलेला होता. कंपनीने ते कमिशन आणि तो कोटा बंद केला, म्हणजे रोग कुठे होता हे तिनेही ओळखले.

आपल्याकडेही सगळा दोष हाताला काळे लागलेल्या माणसाचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याचा ठपका त्यांच्यावर होता. कंपन्यांनी निर्णयाला आव्हान दिले, प्रकरण वरच्या पायऱ्यांवर गेले. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. हे सांगायचे कारण असे की मिस्त्रीकडे अस्सल भाग आणि अस्सल माहिती पोहोचूच दिली नाही, तर त्याने प्रामाणिक राहावे कशाच्या बळावर? अज्ञान फक्त गिऱ्हाइकाचेच नसते. नव्या गाडीपुढे कधी कधी मिस्त्रीही मुस्तरसिल होतो आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलत जातो. त्या अंदाजाचे बिल गिऱ्हाइकाला जाते. ही लबाडी नव्हे, पण मला हे नीट माहीत नाही असे न सांगणे हे लबाडीच्या शेजारी राहणारेच आहे.

न सांगण्याचा हा दोष आपल्या परंपरेने हलका मानलेला नाही. मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत ओले धान्य निघाले. पावसाने भिजले, असे विकणारा म्हणाला. भिजणे हा गुन्हा नव्हता, ओले खाली ठेवणे हा होता. इमाम अबू हनीफा (रह.) हे कुफ्याचे कापडाचे व्यापारी. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड दोष सांगायचा विसरून विकले आणि गिऱ्हाईक कोण होते ते सापडेना, तेव्हा इमामांनी आलेली सगळी रक्कम दानात देऊन टाकली, असे त्यांच्या चरित्रात येते. फक्त दोषापुरती नाही, सगळी. आपण त्यांच्या फिकहचे अनुयायी म्हणवतो. त्यांच्या दुकानदारीचेही अनुयायी झालो तर बरे.

इथे ‘आपला माणूस’ या शब्दाबद्दलही बोलायला हवे. गिऱ्हाईक आपल्या माणसाकडे जाते ते बहुधा सवलत मागायला. मिस्त्री आपल्या माणसाला भागाचा भाव सांगत नाही, कारण ‘आपल्यात हिशोब कसला’. अशा रीतीने आपलेपणाच्या नावाने दोघेही हिशोब टाळतात आणि पुढे नाते तुटते ते त्याच न मांडलेल्या हिशोबावरून. दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. आजच्या वातावरणात एखाद्या मिस्त्रीची लबाडी उघडी पडली की ती त्याच्या एकट्याची राहत नाही, त्याचे नाव विचारले जाते आणि ती साऱ्या जमातीच्या खात्यावर चढते. हा अन्याय आहे, कुणा एकाच्या कर्माने सगळे दोषी ठरत नाहीत. पण प्रामाणिक राहायचे ते जमातीची अब्रू राखण्यासाठी, असे मी म्हणणार नाही. त्या आजारी आईला सोलापूरला नीट पोहोचवणे एवढे कारण पुरेसे आहे. ती कोणाची आई आहे याने फरक पडू नये.

मग व्यवहारात काय करावे? गिऱ्हाइकाने पहिली गोष्ट करावी ती म्हणजे तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत, आणि काम निघाले नाही तरी द्यावेत. जाताना सांगावे, “आधी बघा, बघण्याचे पैसे मी देतो, बदलायचे की नाही ते मग ठरवू.” या एका वाक्याने मिस्त्रीला खरे बोलणे परवडू लागते. चाक उचलून दोष डोळ्यांना दाखवायला सांगावे. भागाची किंमत आणि मजुरी कागदावर वेगवेगळी लिहून घ्यावी. खोक्यावरची छापील किंमत पाहावी आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. हा संशय नव्हे, हा रिवाज व्हावा. रस्त्यात अडकल्यावर भावाआधी एकच प्रश्न विचारावा : या स्थितीत गाडी सोलापूरपर्यंत नेणे सुरक्षित आहे का? ज्या मिस्त्रीने स्वतःचे काम बुडवून “आहे, सावकाश न्या” असे सांगितले त्याचा नंबर जपून ठेवावा, आणि पुढचे काम त्याच्याकडेच न्यावे. मजुरीत घासाघीस करू नये. पटले नाही तर नम्रपणे दुसरीकडे जावे.

मिस्त्रीनेही काही पाळावे. मजुरीचा दर भिंतीवर लिहावा आणि तो खाली आणू नये. भागावर आपण किती घेतो ते विचारल्यास सांगावे. दुकान चालवायचे तर नफा घ्यावाच लागतो, त्यात लाज नाही, लाज लपवण्यात आहे. आज बदलायलाच हवे, सहा महिने चालेल आणि काही झालेले नाही, अशा तीन वर्गांत दोष सांगावेत. शॉकअप एका धुरेवर जोडीनेच बदलणे बरे, काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी लागते, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ला जातो. अशी खर्चाची खरी कारणे समजावून सांगितली तर गिऱ्हाईक ऐकते. समजावण्यात दहा मिनिटे जातात, पण त्या दहा मिनिटांत मुस्तरसिल थोडा जाणता होऊन जातो.

कायदाही आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा आला आणि २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. पण शॉकअप खरोखर गेला होता की नाही, हे तो भंगारात गेल्यावर कोणते न्यायालय ठरवणार? कायदा बिलापर्यंत पोहोचतो, गाडीखालच्या काळोखापर्यंत पोहोचत नाही. तिथे एक माणूस, त्याचा बॅटरीचा उजेड आणि त्याचे इमान एवढेच असते.

आणि शेजारी एक चेला असतो, हे विसरू नये. बारातेरा वर्षांच्या पोराला गॅरेजमध्ये घालणेच मुळात चूक, त्याची जागा शाळेत आहे. पण शाळा संपवून आलेला शिकाऊ मुलगाही नुसता पाना धरायला शिकत नाही. उस्तादाने दोष पाहिला काय आणि गिऱ्हाइकाला सांगितला काय, हे तो दोन्ही कानांनी ऐकत असतो. दोन्ही एकच असतील तर तो एक हुनर शिकतो. वेगळे असतील तर दोन शिकतो, आणि दुसरा जास्त कमाईचा आहे हेही त्याला लवकर कळते. दहा वर्षांनी त्याच महामार्गावर तो स्वतःचे दुकान टाकील. त्याच्या दारात थांबणाऱ्या गाडीत कोण असेल हे आज कुणालाच ठाऊक नाही. कदाचित आपलेच कुणी असेल, घाईत, परगावचे, आणि गाडीतले काहीही न कळणारे.